भाडे मिळाले

हजारात तीन, पारीखभाई म्हणाले,
तेही मोठे मासे. तुमच्या-माझ्यासारख्यांचं
कोण उघडून बघतंय?
रावपुऱ्यात चष्म्याच्या दुकानावर त्यांचं ऑफिस,
खालून काचा घासल्याचा आवाज येत राहतो.
मी विचारलं, आणि त्या तिघांत मी निघालो तर?
चिंता नहि करवानी, म्हणाले,
आणि माझ्या पॅनकार्डाच्या झेरॉक्सवर
चहाचा कप ठेवला.

पावत्या आबांच्या.
निझामपुऱ्यातला फ्लॅट त्यांच्या नावावर,
मी त्यांचा मुलगा, कागदावर भाडेकरू,
महिना आठ हजार.
मकरपुऱ्याची कंपनी जानेवारीत पुरावे मागते,
म्हणून डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी
बाराही महिने एका बैठकीत व्हायचे.
आबा रेव्हेन्यूचं तिकीट जिभेवर ओलं करायचे.
एप्रिलला निळं पेन, मे महिन्याला काळं,
जुलैची पावती मुद्दाम जराशी चुरगळायची.
पावसाळ्यात कागद इस्त्रीचा राहत नाही, म्हणायचे.
मार्चपर्यंत जेवणवेळ होई.
मग हात पुढे करायचे: काढा, भाडं.
मंजिरी तळहातावर गरम भजं ठेवायची.
पोचलं, म्हणायचे आबा.

एकतीस वर्षं छाणी जकातनाक्यावर काढली त्यांनी.
छाणीला छाननी, हा त्यांचा एकुलता एक विनोद.
वीस ट्रकांमागे एक उघडायचा,
तेवढाच वेळ, तेवढेच हात.
कुठला, ते कसं ठरायचं?
न विचारता जो ड्रायव्हर हसतो ना,
त्याची ताडपत्री सोडायची.
आणि आत काही नसलं तर?
बहुतेकदा नसायचंच. कांदे.
एकदा नुसत्या खुर्च्या, कुणाच्या तरी लग्नाच्या.
पण मागचे एकोणीस सरळ चालायचे.

तेव्हापासून रेसकोर्स सर्कलला,
आयकर भवनासमोर सिग्नल लागला
की मी हेल्मेटच्या आतसुद्धा हसत नाही.

गेल्या डिसेंबरात हात कापत होता.
एप्रिलचे मार्तंड केशव सबनीस ताठ उभे,
ऑक्टोबरात ओळीखाली उतरले,
फेब्रुवारीत केशव दोनदा आला.
राहू द्या, म्हटलं, उरलेली नंतर करू.
नाका बंद व्हायची वेळ झालेली नाही अजून, म्हणाले.

अकरा जानेवारीला गेले.

जुलैत पारीखभाईंनी पावत्या मोजल्या.
बोट दहाव्या पावतीवर थांबलं,
चष्मा कपाळावर चढला.
जानेवारी धरायचा का, तुम्ही बघा.
तसं कुणी बघणार नाही.
आकडा त्यांनी पुन्हा सांगितला नाही,
खाली काचा घासणं चालू होतं.

मी नऊ धरले.
खरं तर एकही धरायला नको होता.
मला माहीत आहे, आबांना माहीत होतं,
कंपनीतल्या त्या पोरीलाही असावं
जी दरवर्षी स्टेपलर मारताना
वर बघत नाही.
तीन महिन्यांचा कर भरला, चलन छापून घेतलं.
पारीखभाई माझ्याकडे जरा बघत राहिले,
जणू मी न विचारता हसलो होतो.

उरलेल्या तीन पावत्या कपाटात आहेत,
विजेच्या बिलांखाली.
मार्चची अधूनमधून काढतो.
'मार्च महिन्याचे भाडे रुपये आठ हजार
रोख मिळाले.'
खाली तिकीट, तिकिटावरून गेलेली सही.
सबनीसमधल्या शेवटच्या स ची रेघ
कागद संपला तरी थांबलेली नाही,
टेबलाच्या सनमायकावर बोटभर पुढे गेली आहे.
मंजिरीनं एकदा थिनर आणलं होतं.
बाटली अजून उघडलेली नाही.

हजारात तीन.
निघालंच माझं नाव, तर साहेबांना
आधी त्या टेबलापाशी बसवावं लागेल.